होम प्रोग्रॅम कोणी ठरवायचा? खान्देशात ० ते ६ वयाच्या मुलांसोबत काम करणारे आणि घरचे, दोघांसाठी

गिरणाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यात विशेष शिक्षिका आहे. विकासात मागे पडणाऱ्या, जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसोबत काम करते. फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, मानसतज्ज्ञ यांच्यासोबत रोजचं उठणं-बसणं आहे. एक विषय बरेच दिवस मनात घोळतोय. कार्यशाळेत आपण त्यावर भरभरून बोलतो आणि ओपीडीत गर्दी झाली की तो बाजूला पडतो: मुलाच्या उपचाराचं ठरवताना घरच्यांची जागा कुठे?

आपल्याकडची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्याच राज्यात, पालघरला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, मूल तपासतं, शंका आली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथे तपासणी होते, निदान होतं आणि आईच्या हातात घरी करायच्या व्यायामाचा कागद पडतो, म्हणजेच होम प्रोग्रॅम. दहा व्यायाम, प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुढच्या खेपेला आपण विचारतो, "घरी करता ना?" ती म्हणते, "हो, करतो."

आता तिचा दिवस बघा. सध्या कापूस वेचणीचे दिवस. सकाळी स्वयंपाक उरकून, डबा बांधून ती शेतात जाते, दिवस मावळायच्या बेताला परतते. मग पाणी, चूल, म्हातारी माणसं, मोठ्या पोराचा अभ्यास. त्यात तीन वेळा दहा व्यायाम कुठे बसतील, हे आपण विचारलेलंच नसतं. ती "हो" म्हणते, कारण "नाही" म्हटल्यावर काय ऐकावं लागतं हे तिला माहीत आहे.

अमेरिकेत कार्ल डन्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. पहिली, तज्ज्ञ ठरवतो आणि तज्ज्ञच करतो. दुसरी, तज्ज्ञ ठरवतो आणि घरचे त्याच्या हाताखाली राबवतात. तिसरी, घरच्यांना निवड असते, पण तज्ज्ञाने पुढे ठेवलेल्या यादीतूनच. चौथीत घरचे आपली गरज सांगतात, निर्णय त्यांचा असतो आणि तज्ज्ञ आपलं ज्ञान त्या निर्णयाच्या कामी लावतो. माझ्या मते आपण बहुतेक जण दुसऱ्या पायरीवर उभे आहोत आणि तिलाच चौथी समजतोय. आईला व्यायाम शिकवला म्हणजे कुटुंबाला सोबत घेतलं, असं नसतं.

चौथी पायरी प्रत्यक्षात कशी दिसते, त्याचं एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

यावल तालुक्यातला अडीच वर्षांचा मुलगा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं; पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे. कागदावर पाय फाकवण्याचे ताण होते आणि ते होत नव्हते. आम्ही घरी गेलो आणि फक्त दिवस विचारत बसलो. उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय होतं, त्या वेळी कोण असतं, काय सोपं जातं, कुठे जीव मेटाकुटीला येतो. रॉबिन मॅकविल्यम यांची मुलाखतीची पद्धत आहे, दिनक्रमावर आधारलेली, त्याच धर्तीवर. पायांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आजी म्हणाली, "याले जेवाडता जेवाडता तास जास" (याला भरवता भरवता तास जातो). मूल मांडीवर आडवं, मान मागे पडलेली, वरून वरण-भात. दर दोन-तीन घासांना ठसका. आजीचे हात दुखायचे, मूल रडायचं, आईला शेतात जायला उशीर व्हायचा, त्यावरून घरात कुरबुर.

घरच्यांनी निवडलं ते जेवण. मग आम्ही त्याच खोलीत, त्याच ताटलीसोबत बसलो. आजी भिंतीला टेकून बसली, मूल तिच्या मांडीवर ताठ बसवलं, नितंब मागे पक्के, गुडघे वाकलेले, पाठीशी गोधडीची वळकटी, मान किंचित पुढे. चमचा वरून न आणता समोरून, छातीच्या उंचीवरून. भात जरा घट्ट कालवलेला, पातळ पाणी झालेला नाही. एक घास गिळून झाल्याशिवाय दुसरा नाही. ठसका कमी झाला. आणि पाय? गुडघे-नितंब वाकवून बसल्यावर ते आपोआप सैल पडू लागले. नंतर आईला एवढंच सांगितलं की एरवी घेताना दोन्ही पाय एकत्र धरून आडवं घेऊ नका, कडेवर घ्या, एक पाय पोटाच्या बाजूला आणि एक पाठीच्या. खान्देशातली प्रत्येक बाई पोराला कडेवर घेते. पाय फाकवण्याचा ताण त्यातच होतो, दिवसातून कितीतरी वेळा.

ठसका मात्र वारंवार लागत असेल, छाती भरत असेल, वजन घटत असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच, हे वेगळं सांगायला नको.

तुमचे अनुभव लिहा. थेरपिस्टांनी लिहा, घरच्यांनी त्याहून जास्त लिहा.

पांझराकाठी_फिजिओ | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२५

ताई, लेख मनापासून वाचला. पण दुसरी बाजूही मांडतो. मी धुळ्यात आहे. बाहेर बाकावर मुलं ताटकळत असतात, एका मुलाला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. घरी जाऊन दिवस विचारत बसायला वेळ आणायचा कुठून?

दुसरं म्हणजे स्नायूंचा आखडलेपणा घरच्यांच्या सोयीसाठी थांबत नाही. सेरेब्रल पाल्सीत, विशेषतः जी मुलं चालू शकत नाहीत त्यांच्यात, खुब्याचा सांधा हळूहळू निसटतो. बराच काळ दुखतही नाही. घरच्यांना ते दिसत नाही, म्हणून ते कधी मागणार नाहीत. ठरावीक काळाने एक्स-रे काढावाच लागतो. "तुमची प्राथमिकता काय?" असं विचारून मी मोकळा झालो आणि खुबा गेला, तर जबाबदार कोण?

तिसरं, बहुतेक आई-वडील मला म्हणतात, "डॉक्टर, आम्हाला काय समजतं, तुम्हीच सांगा." निर्णय त्यांच्यावर टाकला की ते घाबरतात.

चोपड्याकडची_आई | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मी थेरपिस्ट नाही. माझी मुलगी चार वर्षांची आहे, डाऊन सिंड्रोम आहे. मराठीत टाइप करायची सवय कमी, सांभाळून घ्या.

पहिल्यांदा एका केंद्रात गेलो तेव्हा सगळ्या बायांसमोर विचारलं, "लग्न नात्यातलं का?" सासूबाई सोबत होत्या. त्या प्रश्नाचा माझ्या मुलीच्या आजाराशी संबंध नाही हे मला खूप नंतर कळलं. पण घरात त्या दिवसापासून जे सुरू झालं, ते मी इथे लिहू शकत नाही. प्रश्न विचारणाऱ्या माणसाला ते आठवतही नसेल.

तिथले लोक वाईट नव्हते. पुढे एक ताई फार मायेने बोलायच्या, मुलीला कडेवर घ्यायच्या. पण थायरॉइडची तपासणी दर वर्षी करायची असते हे मला कोणी सांगितलं नाही. हृदयाची सोनोग्राफी केली, पण ती का केली ते सांगितलं नाही. निरामय म्हणून दिव्यांगांसाठी सरकारी आरोग्य विमा असतो, एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो, हे मला एसटीत शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका आईने सांगितलं. युडीआयडी कार्डाचंही, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचंही, तिनेच सांगितलं.

दादा, तुम्ही म्हणता आई-बाप म्हणतात तुम्हीच सांगा. आम्ही तसं म्हणतो कारण आमच्याकडे माहितीच नसते. माहिती दिल्यावर विचारून बघा.

गिरणाकाठ | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

चोपड्याच्या ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. तुमचा मुद्दा संशोधनातही पुन्हा पुन्हा आला आहे. कॅनडात कॅनचाइल्ड नावाच्या संशोधन केंद्रात पालकांसाठी एक प्रश्नावली तयार झाली, सेवा कशी वाटली ते मोजणारी. जगभर ती वापरली गेली आणि ठिकठिकाणी एकाच खान्यात सर्वांत कमी गुण पडले: सर्वसाधारण माहिती देणं. आदराने वागण्याला बरे गुण मिळतात. डन्स्ट यांच्या अभ्यासांतही हेच दिसतं. माया, ऐकून घेणं, गोड बोलणं आपल्याला जमतं. निर्णयात सहभागी करून घेणं जमत नाही. गोड बोलणारा थेरपिस्टही दुसऱ्याच पायरीवर असू शकतो.

पांझराकाठी दादा, खुब्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. एक्स-रेची गरज घरच्यांनी ओळखायची नसते, ती आपण सांगायची असते. घरच्यांना विचारणं म्हणजे आपलं ज्ञान खिशात ठेवणं नव्हे. पण सांगण्यातही फरक पडतो. "एक्स-रे काढून आणा" असं चिठ्ठीवर लिहिणं वेगळं. "हा सांधा आतून सरकू शकतो, बाहेरून दिसत नाही, दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून ठरावीक काळाने फोटो काढतात, तुम्हाला कोणत्या आठवड्यात येणं जमेल?" हे वेगळं. दुसऱ्या पद्धतीला दोन मिनिटं जास्त लागतात आणि माणूस परत येतो.

सातपुडा_अंगणवाडी | १५ नोव्हेंबर, दुपारी २:५०

मी धडगावकडची सेविका. आमच्याकडचं वेगळं आहे, ते सांगते.

दिवाळी झाली की पाड्यातली घरंच्या घरं ऊसतोडीला जातात, जास्त करून गुजरातेत. होळीच्या सुमारास भोंगऱ्या बाजाराच्या वेळी परत येतात. आत्ता नोव्हेंबर आहे. माझ्याकडे एका मुलाच्या कार्डावर पुढची तारीख डिसेंबरची आहे. डिसेंबरात ते घर इथे नसणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तारीख देणाऱ्याने एकदा विचारलं असतं तर कळलं असतं. मग नोंदीत येतं, "पालक फॉलोअपला आले नाहीत."

अशा घरासाठी जायच्या आधी बसून ठरवायला पाहिजे. तोडीवर मुलाजवळ कोण असणार? बहुतेक वेळा आठ-नऊ वर्षांची बहीण असते. मग शिकवायचं तिला. कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, बसायला काय आहे? आम्ही एका मुलासाठी बांबूची टोपली घेतली, आत घोंगडी दुमडून टाकली, कडेला आधार केला. पोर त्यात ताठ बसायला लागलं आणि बैलगाडीत ती टोपली सोबत गेली. फिटच्या गोळ्या चालू असतील तर पूर्ण हंगामाच्या बांधून द्यायला पाहिजेत. तिकडे कुठल्या दवाखान्यात जायचं तेही लिहून.

आणि नुसतं आईला सांगून आमच्याकडे काही होत नाही. कुठे जायचं, पैसा कुठे घालायचा हे मुलाचा आजा किंवा मोठा काका ठरवतो. ते बाहेर झाडाखाली बसलेले असतात आणि थेरपिस्ट आत आईशी बोलत असतात. त्यांना आत बोलवा, नाहीतर तुम्ही बाहेर जाऊन बसा. भगताकडे गेले म्हणून ओरडू नका. ओरडलं की ते भगताकडे जायचं थांबवत नाहीत, तुम्हाला सांगायचं थांबवतात.

वाचा_उपचार_भुसावळ | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

सेविका ताईंची पोस्ट प्रत्येक केंद्रात वाचून दाखवावी अशी आहे.

मी भाषेवर लिहिते, कारण माझं रोजचं काम तेच. बोलायला उशीर झालेलं मूल घेऊन लोक येतात. त्यांना आधी कोणीतरी सांगितलेलं असतं, "घरात अहिराणी बोलू नका, शुद्ध मराठीच बोला," किंवा "इंग्रजी शाळेत घालायचंय ना, मग एकच भाषा ठेवा, इंग्रजी." हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाची वाचा मागे पडत नाही. डाऊन सिंड्रोम आणि स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांवरही अभ्यास झालेत, त्यांच्यातही दोन भाषांमुळे जास्तीचं नुकसान दिसलेलं नाही.

या सल्ल्याने काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आजी दिवसभर मुलाजवळ असते, तिला अहिराणीच येते. तिला सांगितलं की तुमच्या बोलीने पोर बिघडेल. ती गप्प बसते. म्हणजे मुलाशी सर्वांत जास्त बोलणारं माणूस आपण मुकं करून टाकतो. तिची अंगाई, तिचं "ये रे मना राजा", आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी, सगळं बंद. उरतो मोबाइल.

मी आता सांगते, जी भाषा तोंडातून सहज येते त्याच भाषेत बोला. अहिराणी असो, लेवा असो, गुजरी असो, भिली असो, पावरी असो. मुलाने बघितलं त्याच वस्तूचं नाव घ्या, थांबा, त्याला वेळ द्या, त्याने काढलेल्या आवाजाला उत्तर द्या. शब्दांची यादी मी देत नाही, ती घरच्यांकडून घेते. एका घरात पहिला शब्द "भाकर" निघाला, कारण आजीच्या हातची कळण्याची भाकर त्या पोराला सगळ्यात प्रिय होती. माझ्या चित्रांच्या कार्डात भाकरीचं चित्रच नव्हतं, सफरचंद होतं.

अमळनेरची_मावशी | १५ नोव्हेंबर, रात्री ८:४५

सगळं वाचलं. आता मी थोडं कडू बोलणार आहे, पण बोलायला हवं.

माझ्या बहिणीच्या मुलाला स्वमग्नता आहे. बहीण पतसंस्थेत नोकरीला होती. "पालक हाच सर्वोत्तम थेरपिस्ट" हे वाक्य तिला इतक्या वेळा ऐकवलं की तिने नोकरी सोडली. आता ती दिवसभर थेरपिस्ट आहे. अंघोळ घालताना थेरपी, जेवताना थेरपी, झोपवताना थेरपी. ती मला म्हणाली, "ताई, मला त्याची आई राहायचंय, तेवढी जागा कोणी ठेवत नाही." मुलात महिन्यात फरक दिसला नाही की बोट तिच्याकडे. घरी करत नसाल नीट.

दिनक्रमात थेरपी घाला म्हणता, पण तो दिनक्रम चालवतं कोण? बाईच. कुटुंब म्हणता आणि काम फक्त आईला देता. भाऊजी थेरपीच्या खोलीत कधी आत आलेले नाहीत आणि त्यांना आत या असं कोणी म्हटलेलंही नाही. ते गाडीत बसून असतात.

गिरणाकाठ | १५ नोव्हेंबर, रात्री १०:१०

मावशी, तुमच्या बहिणीचं वाक्य मी माझ्या सहकाऱ्यांना वाचून दाखवणार आहे. नाव-गाव न सांगता, तुमची हरकत नसेल तर.

तुम्ही दाखवलेली अडचण खरी आहे, आणि ती दुसऱ्या पायरीचीच फळं आहेत. काम घरच्यांवर ढकलायचं आणि ठरवायचं मात्र आपण. खरोखर घरच्यांना विचारलं तर त्या उत्तरात "मला दुपारी एक तास झोप हवी आहे" हेही येतं, आणि तेही आराखड्यात लिहायचं असतं. मॅकविल्यम यांच्या मुलाखतीत एक प्रश्न असतो: रात्री झोप येत नाही तेव्हा डोक्यात काय चालू असतं? उत्तरं फार क्वचित व्यायामाबद्दल असतात. घरभाड्याबद्दल असतात, नवऱ्याच्या दारूबद्दल असतात, मोठ्या मुलीच्या लग्नात या भावाचं काय सांगायचं याबद्दल असतात. थेरपिस्टला ते सगळं सोडवता येत नाही. पण ज्या बाईच्या डोक्यावर एवढं आहे तिला अकरावा व्यायाम द्यायचा नाही, एवढं तरी कळतं. उलट कागदावरचं काय काढून टाकता येईल ते बघायचं.

वडिलांबद्दल. रावेरकडचे एक वडील केळीच्या गाड्या भरायला पहाटे जातात, दुपारी मोकळे असतात. हे आम्हाला कळलं ते दिवस विचारला म्हणून. त्यांनी मुलीच्या अंघोळीचं काम घेतलं. मोरीत पाटावर बसवून, एका हाताने कमरेला आधार, मगात पाणी भरून तिच्या हातात देणं, तिनेच ओतायचं. हातात धरणं, डोक्यापर्यंत हात नेणं, बसण्याचा तोल, सगळं त्यात आलं, आणि आईला तेवढा वेळ सुटला. वडिलांना बोलवायचं तर वेळही तशी द्यावी लागते. सकाळी अकराची वेळ देऊन "बाप येत नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

बालविकास_नाशिक | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मी बालरोगतज्ज्ञ. माहेर शिरपूर, म्हणून हा धागा आवर्जून वाचतोय ("माहेर" आईचं, पण सुट्ट्या सगळ्या तिथेच गेल्या).

ज्यांना हे सगळं फक्त मायेचं बोलणं वाटतं त्यांच्यासाठी थोडं. १९६९ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज गावी घरोघर जाऊन शिकवण्याचं प्रारूप सुरू झालं, कारण वस्ती विखुरलेली होती आणि मुलांना एका जागी आणणं परवडत नव्हतं. आपल्या सातपुड्याची अडचण तीच आहे. १९८६ मध्ये तिथल्या कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी जो आराखडा आणला तो फक्त मुलाचा नव्हता, तो कुटुंबाचा सेवा आराखडा होता. घरच्यांच्या गरजा आणि त्यांचं बळ त्यात लिहावं लागतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअट्री या वैद्यकीय नियतकालिकात आलेला गोवा आणि रावळपिंडीचा अभ्यास बघा. स्वमग्न असलेली ६५ मुलं. काम तज्ज्ञांनी केलेलं नाही, प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी केलं. आई-वडील मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, त्यांच्यासोबत बसून बघायचा, त्यांचं काय छान जमलं ते त्यांनाच शोधू द्यायचं. पालकांचं मुलाच्या कलाने घेणं वाढलं आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करणंही वाढलं. विकास तपासण्याच्या पद्धतीतही हे येतंय. अंकाऱ्याच्या इल्गी एर्टेम यांनी तयार केलेलं साधन, ज्याच्या अभ्यासात भारतही होता, ते मुलाची परीक्षा घेत नाही. ते पालकांना मोकळे प्रश्न विचारतं आणि सुरुवात त्यांच्या काळजीपासून करतं.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगतो. फिटची गोळी अचानक बंद करणं हा निवडीचा विषय नाही, त्यात मुलाचा जीव जाऊ शकतो. तिथे मी ठामपणे सांगतो, आज्याला, काकाला, सगळ्यांना समोर बसवून. पण त्याआधी गोळी का बंद केली ते विचारतो. बहुतेक वेळा उत्तर असतं, गुंगी येते, किंवा तालुक्याला गोळी मिळत नाही. दोन्हींवर इलाज आहे.

फिरतं_पथक | १६ नोव्हेंबर, दुपारी १:२०

आरबीएसकेत वैद्यकीय अधिकारी आहे. पथकात आम्ही दोन डॉक्टर, एक सिस्टर आणि एक औषधनिर्माता. आमच्या टप्प्यावरची गोष्ट सांगतो, कारण इथे सगळी चर्चा केंद्रापासून सुरू होते आणि घरच्यांचा विश्वास जातो तो त्याआधीच.

अंगणवाडीत तपासतो तेव्हा आई तिथे नसते, ती शेतात असते. मूल मदतनिसाच्या कडेवर. संदर्भ कार्ड, म्हणजे पुढच्या तपासणीला पाठवण्याची चिठ्ठी, जातं सेविकेकडे. संध्याकाळी आईला कळतं, तेही दुसऱ्याच्या तोंडून, की तुझ्या पोरात काहीतरी खोट निघाली, जळगावला जा. यापेक्षा वाईट पद्धतीने बातमी देता येणार नाही.

आम्ही आमच्या भागात एवढंच बदललंय. ज्या मुलाबद्दल शंका आहे त्याच्या घरच्यांना आधी आशाताईमार्फत निरोप. लसीकरणाच्या दिवशी आया गावातच असतात, त्या दिवशी त्यांच्याशी बाजूला बसून बोलणं. पहिला प्रश्न, "तुम्हाला स्वतःला काही वेगळं वाटतं का?" आईला बहुतेक वेळा आधीच वाटलेलं असतं. दीड वर्षाचं होऊन पोर चालत नाही हे तिला आपण सांगावं लागत नाही. तिला "होईल, त्याचा मामाही उशिराच चालला" असं सांगून गप्प केलेलं असतं. आपण ऐकलं की ती दुसऱ्याच आठवड्यात केंद्रात जाते.

२०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आला, त्यात लवकर ओळखणं आणि संदर्भसेवा यांच्या मधोमध कुटुंबाला बळ देणं लिहिलेलं आहे. सेविकांनी ते पान आपल्या पर्यवेक्षिकांना दाखवावं. मागायला आधार मिळतो.

पांझराकाठी_फिजिओ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:००

सगळ्यांचं नीट वाचलं. वेळेची माझी अडचण अजून तशीच आहे, ती या धाग्याने सुटणार नाही. रिकामी पदं भरली गेली तरच सुटेल, आणि ती मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी.

पण एक विचारतो. घरी जाणं शक्य नाही आणि हातात पंधरा मिनिटं आहेत असं धरा. त्यातली पाच मी या कामाला द्यायला तयार आहे. पाच मिनिटांत काय विचारू? थोडक्यात सांगा. आणि आमच्याकडे साक्री, शिंदखेड्याहून येणारी माणसं अहिराणी बोलतात, मी मूळचा विदर्भातला. मला समजते, पण नीट बोलता येत नाही.

गिरणाकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३५

पाच मिनिटं मिळाली तर मी तीन गोष्टी विचारीन. दिवसभर मूल कोणाजवळ असतं. दिवसातली कोणती वेळ सगळ्यात जड जाते. आणि येत्या महिन्याभरात काय जमू लागलं तर घरात बरं वाटेल. तिसऱ्याचं जे उत्तर येईल तेच त्या महिन्याचं ध्येय, त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिहायचं. तुमचे ताण, तुमची बसण्याची ठेवण, सगळं त्यात कसं बसवायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं येतं. दहा व्यायामांऐवजी एक, आणि तो कोण करणार, केव्हा, कुठे बसून, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यायचं. समोर एकदा करून बघू द्यायचं.

खुब्याच्या एक्स-रेसारखी गोष्ट शेवटी, वेगळी, सावकाश.

वाचा_उपचार_भुसावळ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

दादा, अहिराणीत असं विचारा:

"दिनभर पोऱ्याले कोन सांभाळस?"
"दिनभरमा कोनती येळ सगळ्यात जड जास?"
"येत्या महिनामा काय जमनं तर तुमले बरं वाटी?"

उच्चार चुकला तरी चालेल. तुम्ही प्रयत्न केलात की समोरची आजी स्वतःच दुरुस्त करून सांगेल आणि बोलायला लागेल.

सातपुडा_अंगणवाडी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

पावरीत मी आमच्या गुरुजींकडून लिहून घेते आणि इथे टाकते. चौथा प्रश्न जोडा साहेब: "गावात कधीपर्यंत आहात?" त्याशिवाय पुढची तारीख देऊ नका.

चोपड्याकडची_आई | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३०

आणि माझ्याकडून एक, हे सगळ्यांच्या आधी विचारा: मुलीला काय आवडतं, ती काय छान करते. मला चार वर्षांत हे फक्त एकाच ताईंनी विचारलं. माझी मुलगी कानबाईच्या रोटांच्या सणाच्या दिवशी सगळ्या बायांसोबत टाळ्या वाजवून नाचते आणि ठेका अजिबात चुकत नाही. त्या ताईंनी मग पायऱ्या चढायला शिकवताना टाळ्यांचा ठेका धरला. एक टाळी, एक पायरी. आता आमच्या घराचा जिना ती एका हाताने कठडा धरून चढते. सासूबाई टाळ्या वाजवतात.

पांझराकाठी_फिजिओ | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

लिहून घेतलं. ताई, जिना उतरताना कठडा कोणत्या बाजूला येतो? आणि उतरते की बसत-बसत सरकते? उतरणं वेगळं शिकवावं लागतं. डाऊन सिंड्रोममध्ये सांधे सैल असतात, गुडघा मागे जातो का तेही बघा. इथे सांगा किंवा व्यनि करा, तुमच्या थेरपिस्ट ताईंना विचारून मग ठरवू.